पेटीतलं पाणी कोण प्यायलं?

“राजस, झाकण दाब! वाफ पळतेय!” कादंबरी ओरडली.

“दाबतोय ना! आता काय वर चढून बसू?”

“बस की! तुझ्या वजनाचा कुठंतरी उपयोग होऊ दे,” निशा म्हणाली आणि तिघंही खो खो हसत सुटली.

बुधवार पेठेतल्या त्या शाळेत उन्हाळी विज्ञान शिबिर चाललं होतं. प्रत्येक गटानं स्वतः बनवलेल्या पेटीत गरम पाण्याचं भांडं ठेवायचं आणि तीन तासांनी पाणी किती गरम असेल, ते आधीच सांगायचं. ज्या गटाचा अंदाज सगळ्यांत जवळचा, तोच पुढच्या आठवड्याला थांबणार. बाकीच्यांना नारळ!

निशाला थांबायचंच होतं. हडपसरहून दोन बस बदलून ती रोज यायची. आयुष्यातलं पहिलंच शिबिर! घरी बसून सुट्टीभर चुलतभावंडांची नाकं पुसायची तिची मुळीच तयारी नव्हती.

पेटी तिच्याच डोक्यातून निघाली होती. खोक्यात भाताचं तूस ठासलेलं आणि भोवती आईच्या फाटक्या वाकळेचे तुकडे. “पाण्याला अंगाई पण म्हणणार का?” असं एका गटानं विचारलंही होतं. पण आठवडाभर पाणी मोजून मोजून निशाला त्याचा स्वभाव कळला होता.

“आधी ते भराभर निवतं,” ती सांगायची. “पण खोलीच्या तापमानाजवळ जाऊ लागलं, की त्याची घाई कमी होत जाते.”

फळ्यावर त्यांनी छातीठोकपणे अंदाज लिहिला : चौऱ्याहत्तर अंश. मग सगळे बाहेर डबा खायला गेले.

तीन तासांनी परीक्षक दीनानाथ सरांनी तापमापक बुडवला. हे निवृत्त प्राध्यापक, शिस्तीचे भोक्ते. चष्मा वर सरकवून ते म्हणाले, “सहासष्ट! आठ अंशांची चूक. अंदाज आहे की लॉटरी?”

निशाचं तोंड एवढंसं झालं. डोळे भरून आले ते तिनं कोणाला दिसू दिले नाहीत.

“ताई, आणखी एकदा मोजू द्या ना!” राजसनं शिबिराच्या प्रमुख उल्काताईंना गळ घातली.

“परीक्षकांचा निर्णय अंतिम असतो. उद्या दुपारी निकाल जाहीर होईल. तोवर पेटी इथं ठेवलीत तर चालेल.”

सगळे गेल्यावर निशानं भांड्यात वाकून पाहिलं आणि ती एकदम किंचाळली, “अगं, पाणी अजून भरतानाच्या खुणेवरच हाय!”

“मग काय झालं?”

“रोज ते खुणेच्या जरा खाली यायचं. थोडी वाफ जातेच की! आज खुणेवरच कसं? कुणीतरी गार पाणी ओतलंय!”

“त्या अंगाईवाल्यांचं काम!” राजस बाह्या सरसावत म्हणाला.

“अरे, खोडी काढणारा पाणी सांडून पळेल. मोजून भरत कशाला बसेल?” निशा म्हणाली.

कादंबरीनं कपाळावर हात मारला. “बंब! माझ्या आजोळी तांब्याचा बंब आहे. त्यातून तांब्याभर गरम पाणी काढलं, की तांब्याभर गार ओतायचं, नाहीतर आजोबा घर डोक्यावर घेतात! कुणीतरी पाणी काढून घेतलंय आणि सवयीनं परत भरलंय!”

“म्हणजे चोर वयस्कर आणि सभ्य आहे,” राजस म्हणाला. “अस्सल पुणेकर! उद्या पकडूच त्याला. आमचे बाबा सकाळी कारल्याचा रस पितात, त्यातला थोडा आणतो.”

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पेटी भरली. पाण्यात रस मिसळला. जेवणाच्या सुट्टीत तिघं जिन्याखाली दबा धरून बसली.

“थू! थू! अहो, हे पाणी आहे की विष!”

तिघं धावत वर्गात शिरली. आवाज ऐकून उल्काताईही आल्या. आत दीनानाथ सर उभे! हातात पेला, आणि चेहरा असा, की राजसला तोंड फिरवून हसावं लागलं.

“सर, तुम्ही?”

“डॉक्टरांनी जेवणानंतर गरम पाणी प्यायला सांगितलंय,” सर गडबडून म्हणाले. “दाराजवळ ही आयती सोय दिसली. एका पेल्यानं काय बिघडतंय, असं वाटलं. पण मी फुकट नाही हं घेतलं! खुणेपर्यंत परत भरलंय. कालही भरलं होतं!”

“त्यानंच तर आमचा घात झाला, सर!” निशा कळवळून म्हणाली.

सर हळूच म्हणाले, “आत्ताही मी पेलाभर काढून पेलाभर ओतलंय. सांग बघू, तीन तास भरतील तेव्हा किती असेल?”

निशानं पेला निरखला. “दीड लिटरात पाव लिटर, म्हंजे सहावा हिस्सा गार झाला...” ती पुटपुटत राहिली. राजसनं चक्क श्वास रोखून धरला होता. “सदुसष्ट, सर!”

वेळ भरली तेव्हा सगळं शिबिर त्या पेटीभोवती लोटलं. सरांनी स्वतः तापमापक बुडवला, वाकून पाहिलं, पुन्हा पाहिलं.

“सदुसष्ट!”

टाळ्यांचा नुसता कडकडाट! अंगाईवाले तर बाकावर चढून शिट्ट्या वाजवत होते.

“उल्काताई, परीक्षकांचा निर्णय अंतिम ना?” सर म्हणाले. “मग लिहा. परीक्षक नापास, हा गट पहिला. निशा, चाळीस वर्षं मी हेच शिकवलं, पण पाण्याची इतकी नाडी ओळखणारी मुलगी नाही पाहिली. शाबास! आणि कारल्याची युक्ती ज्याची असेल, त्यालाही शाबास. फक्त दूरवरून.”

निशानं उल्काताईंचा फोन मागून घेतला. आवाज आनंदानं चिरकत होता.

“आई, ऐक की! पुढचा आठवडाभर माझा डबा करावा लागंल हां!”