जपलेली गाडी

भाच्याने गाडी मामांच्या गॅरेजच्या दारात लावली आणि उतरायच्या आधीच विचारलं, "मामा, हिला अजून पंधरा वर्षं झाकून ठेवली तर क्लासिक होईल ना?"

आजोबांची जुनी गाडी नुकतीच त्याच्या वाट्याला आली होती. मामांनी बॉनेटवर हात फिरवला, गॅरेजचं शटर अर्धं खाली ओढलं.

"होईल की. न व्हायला काय झालं? बस. तुझ्या मित्रालाही बसव. एका जपलेल्या गाडीचं सांगतो. माणूस माझ्या ओळखीचा, म्हणजे गोष्ट खरी."

"भुताची?" मित्र हसला.

"आधी ऐक. मग तूच काय ते नाव दे."

आणि मामा सांगू लागले.

चौकातला चष्मेवाला. त्याने तरुणपणी हौसेने एक गाडी घेतली, विटकरी रंगाची. पुढे कंपनीने ती बनवायची बंद केली. कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं की असल्या गाड्यांना म्हातारपणी फार मान येतो. झालं! तेव्हापासून गाडी सावलीत आणि घरची माणसं उन्हात. सीटवरचं प्लास्टिकसुद्धा काढलं नाही. रविवारी इंजिन चालू करायचं, कान देऊन ऐकायचं, पुन्हा पांघरूण घालायचं.

बायको हजरजबाबी. ती गाडीला सवत म्हणायची. "अहो, सवतीला नीट पांघरलंत ना? रात्रीची शिंकेल हो बिचारी!"

तोही हसायचा. पण ती बाजारातून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन चालत यायची, तेव्हा म्हणायचा, "अगं, नेलं असतं, पण चपलांची माती लागते."

"नको बाई. सवतीच्या घरात मी कशाला पाय ठेवू?"

असं चाललं होतं. मग एका संध्याकाळी तिच्या पोटात कळ आली. साधी नव्हे. दाराची चौकट धरून ती वाकली. दवाखान्याचा रस्ता पाइपांसाठी खणलेला, सगळा चिखल. चष्मेवाल्याने खिळ्यावरची किल्ली काढली. हातात धरून उभा राहिला. आणि परत खिळ्याला लावली.

"रस्ता फार खराब आहे गं. रिक्षा आणतो. हा असा गेलो नि असा आलो."

या वेळी तिने टोमणाही मारला नाही.

रिक्षात तिने पुढची दांडी दोन्ही हातांनी धरली होती. खड्डा आला की डोळे मिटायची. चौथ्या दिवशी ती गेली. डॉक्टर म्हणाले, गाडीने आणली असती तरी फरक पडला नसता. सगळे त्याला हेच सांगायचे, आणि तो मान हलवायचा. पण दुकानात लोकांच्या नाकावर चष्मा बसवताना त्याची नजर खाली असायची. शेजारीण "जेवलात का?" म्हणाली तरी हा चोरासारखा भिंतीच्या कडेने निघून जायचा.

वर्ष सरलं. पलीकडच्या शहरात जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरणार होतं, त्यात याची गाडी घेतली गेली. पहाटे पोचायचं. रहदारी नको, धूळ नको म्हणून हा रात्रीच निघाला. फेब्रुवारीतला दुसरा शनिवार, साडेबारा वाजलेले. थंडी बेताची. गाडी लोण्यासारखी चालत होती. जायचा रस्ता दवाखान्यावरूनच. वर्षभरात तो बुजवून पुन्हा खणला होता, आणि त्यात कुठलातरी पाइप फुटलेला. पुन्हा तोच चिखल.

तो वळला, आणि मागे प्लास्टिक करकरलं.

कुणी बसल्यावर करकरतं, तसं.

त्याने आरशात पाहिलं.

ती होती. सीटच्या अगदी कडेवर. पाय वर उचललेले. चपला मांडीवर, तळ वर करून. दोन्ही हातांनी पुढची सीट धरलेली.

"अगं..."

...

"नीट बस ना. टेकून बस."

...

खड्डा आला. आरशात तिचे डोळे मिटले.

त्याने वेग कमी केला. आणखी कमी. माणूस चालतो त्याहून हळू.

"पाय खाली ठेव. लागू दे माती. अगं, लागू दे..."

पाय खाली आले नाहीत.

पुन्हा खड्डा. पुन्हा डोळे मिटले.

दवाखान्याचं फाटक आलं. त्याने गाडी थांबवली. चिखलात उडी मारली. घोट्यापर्यंत रुतला. धावत वळसा घातला. मागचं दार उघडलं. जन्मात तिच्यासाठी उघडलं नव्हतं.

"ये. हळू उतर... मी धरतो."

कुणी नव्हतं.

प्लास्टिक ताणलेलं. एक सुरकुती नाही.

मामा थांबले. मित्राने पाय जवळ ओढून घेतले होते.

"मग?" भाच्याने हळूच विचारलं.

"मग काय? प्रदर्शन राहिलं. तो तसाच गाडीत बसला आणि थेट इथे आला. दोन वाजता हे शटर वाजवलं. माझ्याकडे बघेना. जमिनीकडे बघत सगळं सांगितलं. बुटांना हा एवढा चिखल, विजारीलाही. मी टॉर्च घेऊन गाडीत पाहिलं. मागे काही नाही. पुढे पाहिलं. त्याच्या पायाखाली, ब्रेकपाशी..."

"काय होतं?"

"काही नव्हतं. चिखलाचा ठिपकासुद्धा नाही. सगळं स्वच्छ. ओल्या फडक्याचे फराटे तेवढे दिसत होते. मागच्या सीटकडून पुढे आलेले. त्यानेही पाहिलं. मटकन खाली बसला आणि तोंड झाकून घेतलं. मी हाक मारली तरी हात काढेना."

भाच्याने शटरखालून आपल्या गाडीकडे पाहिलं.

"आणि गाडी?"

"मागच्या शेडमध्ये आहे. दोन उन्हाळे झाले. तो आत पाय ठेवत नाही, मी दार उघडत नाही. क्लासिक म्हणशील तर झाली. या महिन्यात दोन गिऱ्हाइकं बघून गेली. वेगवेगळ्या दिवशी आली, एकमेकांना ओळखतही नाहीत. दोघांनी पुढचं दार उघडलं, खाली हात लावला आणि मला एकच विचारलं."

"काय?"

"आत्ताच पुसलीत का हो?"