बाहेरचं दुःख

परीक्षेच्या हॉलमध्ये कुणाजवळ पेन नव्हतं, कागद नव्हता, आणि प्राध्यापक यशोधन पिंगे यांच्या मते डोकंही नव्हतं. मुलं कपाळाला रसपट्टी बांधून समोरच्या पडद्यावरच्या इंग्रजी कविता वाचत बसली होती. पिंगे हात मागे बांधून बाकांमधून फिरत होते आणि एकेका चेहऱ्याकडे उष्ट्या ताटाकडे बघावं तसे बघत होते.

लेखी परीक्षा बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. पोरं यंत्राकडून उत्तरं लिहून घेऊन ती घोकायची, तपासणारेही ती यंत्राकडूनच तपासून घ्यायचे, आणि या सगळ्या उलाढालीत कविता मात्र कुणीच वाचत नव्हतं. म्हणून विद्यापीठाने ही पट्टी आणली. वाचताना मेंदूच्या कुठल्या भागाकडे रक्त धावतं ते पट्टी टिपायची, आणि रूपक पोचलं का, उपरोध कळला का, हे रंगीत रेघांनी सांगायची. एलिझाबेथच्या काळातल्या प्रेमगीतापासून व्हिक्टोरियन शोकगीतापर्यंत प्रत्येक कालखंडातली एक कविता, आणि मेंदूने दिलेल्या प्रतिसादाला गुण. आता फसवायला जागाच नाही, असं विद्यापीठाने छातीठोकपणे जाहीर केलं.

ती जागा क्लासवाल्यांनी वर्षभरात शोधून काढली. शोकगीत समोर आलं की स्वतःचं एखादं दुःख आठवायचं, पट्टी झगझगून उठते. गावोगाव 'शोकगीतात हमखास यश' अशा पाट्या लागल्या. ज्यांच्या घरात कुणी मेलेलं नव्हतं त्यांना क्लासमध्ये एक मेलेली आजी तयार करून मिळायची, आणि रडू येईपर्यंत तिची उजळणी व्हायची. मग विद्यापीठाने नियम काढला: प्रतिसाद कवितेतूनच आला पाहिजे. आठवणींचा भाग जास्त पेटला तर पर्यवेक्षकांच्या पडद्यावर पिवळी रेघ उमटणार, आणि ती कॉपी धरली जाणार. नियमावलीत या गुन्ह्याला 'बाह्य दुःख' म्हटलं होतं.

पिंग्यांचा या पिवळ्या रेघेवर भारी जीव. मागच्या परीक्षेत त्यांनी एका महाभागाला पकडलं होतं, तो अठराव्या शतकातल्या विडंबनकाव्यावर हुंदके देत बसला होता. क्लासची आजी चुकीच्या कालखंडात वारली होती. हा किस्सा पिंग्यांनी स्टाफरूममध्ये महिनाभर पुरवून पुरवून सांगितला.

आज पिवळी रेघ उमटली ती शर्वरी दुधाळ या शेवटच्या वर्षाच्या मुलीच्या नावापुढे. शोकगीताच्या मध्यावर ती अशी उसळली की पडद्याच्या चौकटीतच मावेना. मुलगी गप्प बसणारी, मागच्या बाकावरची. पिंग्यांनी तिची पट्टी स्वतःच्या हाताने सोडली.

दुपारी प्राचार्य नलावडे मॅडमच्या केबिनमध्ये चौकशी समिती बसली. समिती म्हणजे मॅडम, पिंगे, आणि विद्यापीठाने पट्टीबरोबर पाठवलेला तंत्रज्ञ लोहकरे. या लोहकरेने जन्मात आरतीपलीकडे कविता म्हटली नसणार, असं पिंग्यांनी त्याच्या बुशशर्टावरूनच ठरवून टाकलं होतं. कॉपी सिद्ध झाली तर शर्वरीला दोन वर्षं परीक्षेला बसता येणार नव्हतं, आणि बी.एड.ला मिळालेली जागाही जाणार होती. विषयतज्ज्ञ म्हणून अखेरचा शब्द पिंग्यांचा होता.

"कुठल्या क्लासला जातेस?" त्यांनी विचारलं.

"कुठल्याच नाही, सर."

"म्हणजे दुःख घरचंच?"

मॅडमनी चहाच्या कपात बघितलं. शर्वरीचा चेहरा उतरला, पण ती बोलली. "माझा दादा गेला, सर. गाडीवरून पडून. कवितेत ते शेकोटीपाशी वाळत ठेवलेले बूट येतात ना, ते वाचलं आणि दादाच्या चपला डोळ्यांपुढे आल्या. आईने अजून दारातून उचलल्या नाहीयेत त्या. मी मुद्दाम नाही आठवलं, सर. ते आपोआप आलं."

"बूट सांगून माणूस सुचवायचा, याला काय म्हणतात?"

तिने नकारार्थी मान हलवली.

"लक्षणा!" पिंगे मॅडमकडे वळले. "बघा. साधं नाव सांगता येत नाही, आणि रडायला सगळ्यांच्या पुढे. ही पिढी अशीच. व्हिक्टोरियन आधी की रोमँटिक आधी ते विचारा, घाम फुटेल."

लोहकरे मध्येच म्हणाला, "सर, निर्णयाआधी तज्ज्ञांचा नमुना लागतो. तुम्ही पट्टी बांधून तीच कविता वाचायची. दोन्ही रेघा शेजारी ठेवल्या की तिचं जादा किती ते कळेल."

"सव्वीस वर्षं शिकवतोय ही कविता मी. बांधा. तुमचं यंत्रच चार गोष्टी शिकेल."

त्यांनी वाचायला घेतली. वाचता वाचता मनात सगळं हजर होत गेलं: हे रूपक, हे वाऱ्याला माणूस करणं, ही लक्षणा, हा मृताला उद्देशून केलेला पुकारा, आणि शेवटी, घरी सगळं ठीक आहे असं कवी सांगतो, तो उपरोध. एकही अलंकार सुटला नाही. वाचून झाल्यावर त्यांनी पट्टी काढली आणि विजयी मुद्रेने पडद्याकडे मान वळवली.

पडद्यावर एक सपाट रेघ होती. अगदी शेवटी, उपरोधापाशी, एक बारीक टोक आलं होतं.

"वा, सर!" लोहकरे खुर्चीतून उठला. "इतकं स्वच्छ वाचन मी एकाही केंद्रावर पाहिलं नाही. पिवळं औषधालाही नाही!"

"म्हणजे प्रमाण हे धरायचं," मॅडम समाधानाने म्हणाल्या. "त्या मानाने मुलीचं उघडच जास्त आहे."

पिंग्यांना रेघा वाचता येत होत्या. पिवळं नव्हतं हे खरं, पण रूपकाचं निळं नव्हतं, भावनेचं हिरवं नव्हतं, शेवटचं ते टोक सोडलं तर काहीच नव्हतं. विशीत असताना हीच कविता वाचून ते होस्टेलमधून जेवणावरून उठून निघून गेले होते आणि संध्याकाळभर कुणाशी बोलले नव्हते. तो पोरगा कधी विझला? त्यांना भीती वाटली, खरीखुरी. दुसऱ्याला हसण्यापुरता मेंदू तेवढा शाबूत राहिला होता.

हा नमुना धरू नका, ही कविता माझ्यापुरती मेलेली आहे, एवढंच म्हणायचं होतं. नमुन्याशिवाय कॉपी सिद्ध होत नव्हती, मुलगी सुटली असती. पण ते या बुशशर्टवाल्यासमोर म्हणायचं? आणि पुढच्या वर्षापासून पट्टी प्राध्यापकांनाही लागणार होती. ज्याची रेघ सपाट, त्याच्याकडून विषय काढून घेणार, अशी कुणकुण होती. शिकवणं गेलं तर पिंग्यांकडे उरणार काय होतं?

त्यांनी घसा साफ केला. आवाज नेहमीचा, वर्गातला लागला.

"हे बघ, दुधाळ. ही कविता तुझ्या दादाची नाही. कवितेचं दुःख कवितेतच असतं. आपलं दुःख चपलांसारखं दाराबाहेर काढून ठेवायचं आणि मग आत यायचं."

उपमा फार चपखल जमली, असं त्यांना वाटून गेलं. मग शर्वरीच्या तोंडाकडे त्यांचं लक्ष गेलं आणि कानशिलं तापली.

मॅडमनी निर्णयावर अंगठा उमटवायची काच त्यांच्यापुढे सरकवली.

"आपलं बाहेर काढून ठेवलं, तर वाचायचं कशानं, सर?" शर्वरीने विचारलं.

प्रश्नालंकार, पिंग्यांच्या मनाने सवयीने नोंद केली. उत्तराची अपेक्षा नसलेला प्रश्न. पण शर्वरी टेबलाच्या कडेला दोन्ही हात धरून उभी होती, त्यांच्याकडे बघत होती, आणि उत्तराची वाट पाहत होती.