मांडणीतला पाव

पोलीस कधीही दारात उभे राहतील, या धास्तीने भाऊजी सारखे दाराकडे बघत होते. शिवाय सकाळपासून पोटात काही नव्हतं, ते वेगळंच. लोकांच्या असल्या भानगडी सोडवताना डोकं चालवायचं ते वहिनींनी. दिराने फक्त मागे मागे हिंडायचं.

म्हातारे चित्रकार सकाळी स्टुडिओत बेशुद्ध सापडले होते. विषबाधा आहे, पण कसली ते कळेना, असं इस्पितळातले डॉक्टर म्हणत होते. शेजारी सुनेने दिलेल्या सुपाचा रिकामा वाडगा होता, मग काय, सगळ्यांची बोटं तिच्याकडे! तिनेच वहिनींना बोलावलं होतं.

तिने रडत सांगितलं, की तेच सूप घरातल्या सगळ्यांनी प्यायलं. चित्रासाठी मांडलेला कांदा तिने चुकून भाजीत चिरला, तेव्हापासून मामंजी तिच्याशी बोलत नव्हते. एरवी संध्याकाळी बाहेर चक्कर मारून येत. काल गुडघा धरला म्हणून घरातच होते.

नणंद फणकाऱ्यातच होती. "हिच्या हातचं पाणीही पिणार नाही म्हणाले होते बाबा. तरी बिचारे वाडगा रिकामा करायचे, आणि हिने हे पांग फेडले! त्यांची काळजी मलाच. चित्राच्या मांडणीतला मागचा पाव उंदरांनी कुरतडला, तर या वेळी बंदोबस्त मी केला."

स्टुडिओत टेबलावर पाव, कांदा आणि दोन अंडी होती. कॅनव्हासवरही तेच. चित्रातला पाव अख्खा होता, टेबलावरच्याचा कोपरा मोडलेला. भाऊजींचा हात नकळत पावाकडे गेला आणि वहिनींनी त्यावर फटका मारला. भाऊजी ओशाळले.

टेबलाखाली उंदीर मरून पडला होता. वहिनींनी ब्रश धुवायचा डबा ढवळला. गढूळ पाण्यात गाजराचे तुकडे वर आले.

"सूप इथे आहे," त्या म्हणाल्या. "हट्टी माणूस. रोज इथे ओतायचे आणि बाहेर जाऊन खायचे. काल जाता आलं नाही. भूक आवरेना, तेव्हा समोरचा पाव मोडला."

"पावाने कुणी मरतं का?" भाऊजी म्हणाले.

"उंदीर मेला ना." वहिनी नणंदेकडे वळल्या. "बंदोबस्त म्हणजे पावाला काय लावलंत, बाई?"

नणंदेचा चेहरा पांढराफटक पडला. "मांडणीतलं कुणी खात नाही आमच्याकडे," ती पुटपुटली. "कधीच नाही."

"उंदराच्या औषधाचं नाव डॉक्टरांना सांगा. आत्ता. अजून वेळ आहे."

तिने फोन लावला, नाव सांगितलं. पलीकडून उतारा देतो म्हणाले. तेवढ्यात बेल वाजली. सून उठली, तशी नणंदेने तिला हाताला धरून खाली बसवलं आणि दार उघडायला स्वतः गेली.