तळघरातली लाल घसरगाडी

"माझ्या भावाच्या, ओटिसच्या तळघरात नशेच्या गोळ्यांची खोकी सापडली," रोझेटा हेवूड म्हणाली. "पण तो म्हणतो, ती त्याची नाहीत."

मॅक्सीन डूलीने खासगी तपासाच्या अकरा वर्षांत हे वाक्य बरेचदा ऐकलं होतं. तिने टेबलावरचा कागद जवळ ओढला. झडतीचं वॉरंट मिळवण्यासाठी पोलीस सार्जंट बार्लोने न्यायाधीशांपुढे केलेल्या शपथपत्राची ती प्रत होती.

तिचा सोबती व्हर्जिल खिडकीपाशी उभा राहून हात चोळत होता. निवृत्तीपूर्वी तो बस चालवायचा. आज केंडल पॉइंटला सकाळपासून ओला बर्फ पडत होता आणि त्याचं कशातच लक्ष लागत नव्हतं.

"खोकी सापडली ना? मग भांडायचं कशावर?" तो म्हणाला.

"ती सापडण्याआधी पोलिसांना काय माहीत होतं, त्यावर. घरात शिरायला सबळ कारण आधी लागतं, व्हर्जिल. आत जे मिळालं ते मागाहून कारण म्हणून दाखवता येत नाही." मॅक्सीनने शपथपत्र वाचून दाखवलं. "गुरुवारी सकाळी दहा वाजता विश्वासू खबऱ्याने ओटिस हेवूडच्या तळघरात, भिंतीवरच्या लाल घसरगाडीखाली, पांढरी खोकी स्वतः पाहिली. आणि वॉरंटवर न्यायाधीशांची सही साडेतीनला, झडती पाचला."

"घसरगाडी मीच टांगली," रोझेटा म्हणाली. "माझ्या मुलीला बर्फावर खेळायला, नाताळची भेट म्हणून त्या गुरुवारी चर्चच्या सेलमधून आणली. घरी ठेवली असती तर नाताळच्या आधीच तिला सापडली असती. ओटिस कामावर होता. दुपारी एकला मीच खिळा ठोकला, कुलूप लावलं आणि दवाखान्यात ड्यूटीवर गेले. मी नर्स आहे. खोकी मला दिसली नाहीत, तिथे जुन्या चादरींचा ढीग होता."

"घसरगाडीबद्दल कुणाला बोललात?"

"ओटिसलाही नाही."

मॅक्सीन आणि व्हर्जिल लगेच निघाले. ओटिसच्या घराच्या पुढच्या पायरीशी व्हर्जिलचा पाय घसरला आणि गुडघा गॅसच्या मीटरवर आपटला. तो शिव्या घालत असतानाच शेजारच्या मिसेस गॅस्किन्सने दार उघडलं.

"गुरुवारी? मीटर वाचणारा आला होता की. दोन वाजता, मागच्या दाराने. बूट असे चकचकीत, की या चिखलात मला त्याची कीवच आली."

"दार कुणी उघडलं?"

"ते नाही बाई दिसलं मला."

घरमालक नोवाक आपल्या दुकानात रंगाचे डबे रचत होता. "ऑक्टोबरपासून मी त्या घरात पाऊल टाकलेलं नाही. आता तर पोलिसांचं सील आहे."

"भाडेकरू म्हणून कसे आहेत ते?"

"कसले कसे! माझ्या भिंतीत खिळे ठोकतात. मुलांच्या गाड्या टांगायला तळघर दिलंय का मी?"

मॅक्सीनने हसून त्याचे आभार मानले. गाडीत मात्र ती बोटांनी काच वाजवत राहिली.

दुसऱ्या दिवशी ओटिसची वकील आयरीन शाफर हिच्या ऑफिसात नोवाक बोलावल्यावरून येऊन बसला. रोझेटा भिंतीला टेकून उभी होती.

"खबऱ्याने दहाला पाहिलेली घसरगाडी एकपर्यंत त्या घरात नव्हतीच," मॅक्सीन म्हणाली. "म्हणजे ती ज्याने पाहिली, तो एक ते साडेतीनच्या दरम्यान आत गेला होता. दोनला मीटर वाचणारा मागच्या दाराने आत गेला. पण मीटर पुढे आहे, व्हर्जिलच्या गुडघ्याला विचारा. कुलूप फुटलं नव्हतं, म्हणजे दार किल्लीने उघडलं. एक किल्ली रोझेटाकडे, ती दवाखान्यात. दुसरी ओटिसकडे, तो कामावर. तिसरी तुमची, मिस्टर नोवाक. ऑक्टोबरनंतर तुम्ही आत गेला नाहीत, तर या गुरुवारचा खिळा तुम्हाला कसा दिसला?"

नोवाकने टोपी काढून मांडीवर ठेवली. "बार्लो म्हणाला, घर तुझं आहे, तू हो म्हटलंस की पुरे."

"पुरत नाही," आयरीन म्हणाली. "भाडं घेतलंत की ते घर भाडेकरूचं. घरमालकाच्या परवानगीने तिथे झडती घेता येत नाही. त्याच गुरुवारी सकाळी न्यायाधीशांनी बार्लोला नुसत्या संशयावर वॉरंट नाकारलं होतं."

"म्हणून तो पोलिसाच्या चकचकीत बुटांतच मीटर वाचणारा बनून आधी आत जाऊन पाहून आला आणि मग खबऱ्या जन्माला घातला," मॅक्सीन म्हणाली. "त्याची वेळ मात्र चुकली."

"कोर्टात सांगाल हे?" आयरीनने विचारलं.

नोवाकने मान डोलावली. "सांगतो. झोप नाही मला त्या दिवसापासून."

नोवाकने कोर्टात शपथेवर सगळं सांगितलं. न्यायाधीशांनी शपथपत्रातला खोटा भाग बाजूला केला. उरलेल्यात सबळ कारण उरलं नाही. खोकी पुराव्यातून बाद झाली आणि खटलाही रद्द झाला. बार्लोवर चौकशी बसली.

कोर्टाच्या पायऱ्यांवर ओटिसने बहिणीला मिठी मारली. तिने त्याला हळूच दूर केलं.

"ओटिस, आमच्या वॉर्डात त्याच गोळ्या खाऊन पोरं येतात. कालही एक आली, एकोणीस वर्षांची. खरं सांग, कुणाची होती ती खोकी?"

"सुटलो ना मी? मग आता कशाला तो विषय?"

रोझेटा पायऱ्या उतरून गाडीपाशी गेली. व्हर्जिलला खिशात हात ठेवावेत की बाहेर, तेच कळेना. शेवटी त्याने गाडीचं मागचं दार उघडलं.

"चला, ताई. सोडतो तुम्हाला."

ती बसली. ओटिसही दोन पायऱ्या उतरून आला, पण तिने आतून दार ओढून घेतलं.

व्हर्जिलने मॅक्सीनकडे पाहिलं. ती समोर रस्त्याकडे बघत म्हणाली, "चल, व्हर्जिल."