भिंतीपलीकडच्या मावशी

हसा लेको, हसा. पण आमच्या शिंप्यासमोर हसू नका. त्याच्याच घरात घडलंय हे.

डिसेंबरातला पहिला मंगळवार, रात्रीचे दहा. शिंपी आईचं औषध घेऊन आमच्या जुन्या गल्लीत शिरला. तुम्ही ती ओसाडच पाहिलीत. एकेकाळी तिथे तांबट, छापखानेवाले, शिंपी नुसते खेटून राहायचे. दोन घरांत भिंत एकच. एकटीदुकटी म्हातारी माणसं झोपताना भिंतीवर दोनदा टकटक करायची. पलीकडून उत्तर आलं की निवांत. नाही आलं, तर अख्खी गल्ली जिन्यात! मग शिंपी आणि त्याची आई सोडून सगळ्यांना उचलून गावाबाहेरच्या इमारतींत कोंबलं. संपलं सगळं.

पलीकडच्या मावशी तिकडे गेल्या आणि महिन्याभरात वारल्या. शिंप्याची आई अंथरुणाला खिळलेली, कानांनी ठार बहिरी; पण भिंतीला तळहात लावला की तिला टकटक कळायची. जन्माची मैत्रीण गेली हे कळलं तर ती हाय खाईल, म्हणून यानं सांगितलंच नाही. रोज रात्री मावशींच्या रिकाम्या खोलीत जाऊन हाच उत्तर द्यायचा.

त्या दुपारी मावशींचं घर पाडलं. दुसऱ्या दिवशी याचा नंबर.

"अरे, केव्हाची टकटक करतेय," आई म्हणाली. "मावशी उत्तर देत नाहीत. बघून ये बाबा, जीव थाऱ्यावर नाही माझा."

त्यानं हातानंच 'आलो' म्हणून खुणावलं. खाली उतरला. एक लांब बांबू घेऊन ढिगाऱ्यावर चढला. वर दुसऱ्या मजल्यावर आईची भिंत उघडी पडलेली. मावशींच्या खोलीचा निळा रंग अजून तिच्यावर. पण खोली नाही. जिना नाही. नुसती हवा.

बांबू वर केला.

टक. टक.

बांबू अजून भिंतीला लागलाच नव्हता...

आतून आईची टकटक आली.

मग पुन्हा... निळ्या बाजूनं.

"आई, हात काढ!" हा ओरडला. बहिरीला ओरडून काय उपयोग? धावला. जिना. दार...

आई गेली होती. तळहात भिंतीवर तसाच.

सकाळी पाडकामाचे मजूर आले आणि वर बघत उभेच राहिले. निळ्या भिंतीला मावशींच्या फरशीचा वीतभर तुकडा चिकटून राहिला होता. त्यावर आईच्या चपला. कुणाच्या घरी गेल्यावर दाराशी काढून ठेवतात तशा, नीट.