डावीकडची चौकट

हे घडलेलं आहे. कुणाला पटवून द्यायचा नाद संयोगितानं केव्हाच सोडला. पण यात पदरचं काही घातलेलं नाही, एवढं आधी सांगायला हवं.

गेल्या वर्षी शिमगा होऊन गेला होता, पाडवा यायचा होता. जागा आटपाडीच्या पुढची, डाळिंबाच्या बागेतलं नवं घर. वेळ भर दुपारची.

होय, दुपारची. लख्ख उन्हातली.

संयोगिता कराडच्या एका कॉलेजात ग्रंथपाल. तिची आई, शालूबाई, आदल्या श्रावणात गेली. भिंतीला लावायला फोटो शोधू लागले, तर आईचा धड एकही फोटो घरात निघेना. लग्नाकार्यातल्या फोटोंत ती होती, पण कुठं पदराचं टोक, कुठं नुसता खांदा. कॅमेरा समोर आला की आई बाजूला सरकायची. "माजा कशाला? तुमी उभं ऱ्हावा," म्हणायची, आणि बटण दाबेपर्यंत फोटोबाहेर गेलेली असायची.

शेवटी आधार कार्डावरचा फोटो मोठा करून लावला. मोठा करताना तो फुटला. डोळ्यांच्या जागी दोन काळे ठिपके.

वडिलांचं असं होऊ द्यायचं नाही, हे संयोगितानं त्या भिंतीसमोर उभं राहूनच ठरवलं. म्हणून तिनं नवा मिररलेस कॅमेरा घेतला. चेहऱ्यांसाठीची वेगळी लेन्स, ट्रायपॉड, रिमोट, जादा बॅटरी, आणि हे सगळं मावेल अशी बॅग. घरभरणीच्या सत्यनारायणाला ती बॅग पाठीला लावूनच आली.

वडील, लालासाहेब. घरात मुलं त्यांना तात्या म्हणत. सैन्यात सिग्नलला हवालदार होते. यंत्र दिसलं की म्हातारा लहान व्हायचा.

"मिररलेस म्हंजी काय गं?"

"आत आरसा नाही, तात्या. जुन्या कॅमेऱ्यांत असायचा."

"आरसा न्हाई? मग ह्यो गडी दाढी कशात बघून करतो?"

संयोगिता हसली. आई गेल्यावर पहिल्यांदाच.

पूजेचा दिवस उजाडला. भाऊ वीरधवल सैन्यात, त्याला रजा मिळाली नाही. मग पूजेला तात्याच बसले. गुरुजी म्हणाले, "ही पूजा जोडीनं करायची असते. शालूबाईंच्या जागी ही सुपारी कनवटीला खोवा. पूजा झाली की वाहत्या पाण्यात सोडून द्या. ठेवू नका."

तात्यांनी मान हलवली. धोतराच्या कनवटीला सुपारी खोवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी संयोगिता कॅमेरा शिकायला बसली. पुस्तिका मांडीवर. चेहरा दिसला की पडद्यावर त्याच्याभोवती पांढरी चौकट येते. बटण अर्धं दाबलं की चौकट हिरवी होते आणि आवाज येतो... टीं-टीं. मग पूर्ण दाबायचं.

ओसरीवरच्या बाकावर तात्या बसले. अगदी कडेला. डावीकडं एका माणसाची जागा सोडून.

"मधी बसा की, तात्या."

"हितंच बरं हाय."

तिनं ट्रायपॉड उभा केला. पडद्यावर तात्या आले. चेहऱ्याभोवती पांढरी चौकट आली.

आणि मग... दुसरी आली.

तात्यांच्या डावीकडं. रिकाम्या जागेत. त्यांच्या खांद्याच्या उंचीवर.

मागं नवी कोरी भिंत. ना कॅलेंडर, ना डाग.

तिनं बटण अर्धं दाबलं.

टीं-टीं.

दोन्ही चौकटी हिरव्या झाल्या. कॅमेऱ्याला दोन माणसं सापडली होती.

तिनं बटण पूर्ण दाबलं. नेमक्या त्याच क्षणी डावीकडची चौकट हलली... बाजूला सरकली... आणि पडद्याबाहेर गेली.



तसं सरकणारं माणूस तिनं जन्मभर पाहिलं होतं.

"सरकली न्हवं?" तात्यांनी विचारलं.

तिनं पडद्यावरून मान वर केली.

"तुम्हाला... दिसते?"

"दिसत न्हाई. पर हाय." त्यांनी कनवटीवर हात ठेवला. तेव्हा तिला कळलं, सुपारी अजून तिथंच आहे. मग तात्यांनी डावीकडं तोंड केलं आणि घरच्या माणसाला दटावावं तसं म्हणाले, "थांब की जरा. पोरगी एवढ्या लांबनं आलीया."

संयोगितानं फोटो पाहिला. बाकाची रिकामी बाजू इतकी स्पष्ट की लाकडाच्या रेषा मोजाव्यात. तात्यांचा चेहरा मात्र पुसट.

कॅमेरा तसाच ट्रायपॉडवर ठेवून ती पाणी प्यायला आत गेली. परत येते तो वहिनी, रेश्मा, दारात खिळलेली. हातातलं सूप तिरकं, तांदूळ सांडत होते.

"वन्सं... त्यो पडदा बंद झाला."

"बॅटरी वाचवायला होतो गं."

पण तसं नव्हतं. वरच्या भिंगाला कुणी डोळा लावला, तर मागचा पडदा आपोआप काळा होतो आणि चित्र भिंगात दिसतं. आत्ता पडदा काळा होता. आणि भिंगात उजेड होता... पेटलेला.

जवळ कुणीच नव्हतं.

"बघंना का," तात्या बाकावरून म्हणाले. "जल्मात कवा बघितलं हुतं तिनं असलं."

मग पडदा परत उजळला. डोळा काढून घेतल्यासारखा.

रेश्मानं संध्याकाळी संयोगिताला गोठ्यामागं गाठलं. तिचे डोळे रडून लाल झाले होते. सासूसासऱ्यांना ती आत्ती-मामा म्हणायची.

"मी काय वाईट हाय व्हय वन्सं? आत्तींनी मला लेकीवानी वागवलं. पर मामा बघा कसं वाळत चाल्ल्यात. दोन ताटं वाढाय लावत्यात. त्या सुपारीपायी आत्ती हितं अडकल्यात, आन् त्यांच्यापायी मामा. सोडाय नगो?"

रेश्मा चुकीचं काहीच बोलत नव्हती. रीत तीच होती. गुरुजींनीही तेच सांगितलं होतं.

संयोगितानं हो म्हटलं नाही. नाहीही म्हणता आलं नाही.

तिन्हीसांजेला तात्या अंघोळीला गेले, तेव्हा रेश्मानं खुंटीवरच्या धोतराची कनवट सोडली. बागेच्या बांधाला टेंभू योजनेचा पाट वाहतो. कराडकडून उचललेलं कृष्णेचं पाणी त्या दुष्काळी मुलखात येतं ते त्याच वाटेनं. रेश्मानं हळदकुंकू वाहिलं, हात जोडले आणि सुपारी सोडून दिली.

तात्या बाहेर आले. धोतर नेसले. कमरेला हात गेला...

तिथंच थांबला.

कुणाला एका शब्दानं काही विचारलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं.

सकाळी संयोगिता ओसरीवर आली.

तात्या बाकाच्या मधोमध बसले होते.

तिनं घाईनं कॅमेरा लावला. डावीकडं चौकट आली नाही. ती येणार नव्हतीच. पण तात्यांची चौकट... तीही लवकर येईना. बऱ्याच वेळानं आली, थरथरली आणि गेली.

मग आलीच नाही.

तिनं लेन्स पुसली. बॅटरी बदलली. पुस्तिका चाळून सगळी सेटिंगं पहिल्यासारखी केली. रेश्माला समोर उभं केलं, चौकट लगेच आली. आतल्या खोलीतल्या कॅलेंडरावरच्या देवीवर आली. आईच्या त्या फुटलेल्या फोटोवरसुद्धा आली.

तात्यांवर येईना.

शेवटी तिनं हातानं फोकस करायला लेन्सची कडी फिरवली. मागच्या भिंतीचा कण नि कण दिसू लागला. सदऱ्याचं बटण दिसलं. चेहरा मात्र ओल्या काचेमागं असल्यासारखा... विरघळलेला.

"आता कोण दिसतंय?" तात्यांनी विचारलं.

"तुम्हीच की, तात्या. झकास दिसताय."

"लबाड." ते हसले. "चौकट येत न्हाई न्हवं?"

तिनं पुन्हा कडी फिरवली.

"ऱ्हाऊंदे. यंत्र कशाला खोटं बोलंल?"

तिनं त्यांना कराडला चला म्हणून विनवलं, डॉक्टरांना दाखवू म्हटलं. म्हाताऱ्यानं नुसता तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "जा तू. ड्युटी हाय न्हवं तुजी?"

ती गेली. काय करणार होती? तपासून घ्यायचं म्हटलं, तर दाखवायचं काय? नाडी होती. भूक होती. फक्त एका यंत्राला हा माणूस दिसत नव्हता.

कराडात तिनं कॅमेरा दुकानात नेला. तिथल्या मुलीनं सगळं तपासलं. "एकदम ओके आहे, मॅडम."

पाडव्याच्या आधीच रेश्माचा फोन आला. भर दुपारी. फोनवर आधी नुसतं रडणं...

तात्या बाकावरच गेले होते. कडेला सरकून बसलेले आणि डावीकडं कललेले. "कुणाच्या खांद्यावर मान टाकावी तसं, वन्सं," रेश्मा म्हणाली.

भिंतीसाठी फोटो पाहिजे होता. संयोगिताच्या कॅमेऱ्याच्या कार्डात एकही नव्हता. जे होते त्यांत बाक होता, भिंत होती, सदरा होता. शेवटी तात्यांचंही आधार कार्डच मोठं करावं लागलं. आईशेजारी लावलं. दोघांच्याही डोळ्यांच्या जागी काळे ठिपके.

तेरावं उरकून ती कराडला परतली. कॅमेरा कायमचा ठेवून द्यावा म्हणून बॅग आवरायला बसली. जादा बॅटरीच्या कप्प्यात हात घातला...

बोटांना काहीतरी गोल लागलं.

सुपारी.

हळदीकुंकवाचा पुसट डाग असलेली.

ओली.

तिनं रेश्माला फोन लावला.

"वैनी, तू ती पाटात सोडलीस ना?"

"देवाशप्पत, वन्सं. ह्या हातानं सोडली. वाहत गेल्याली बघितली म्या. का वो? काय झालं?"

तिनं फोन ठेवला. कॅमेरा ट्रायपॉडवर लावला, पडदा उलटा वळवून आपल्याकडं केला आणि समोर कोचावर बसली. मधोमध बसायला धीर झाला नाही. कडेला बसली.

तिच्या चेहऱ्यावर चौकट लगेच आली. मग डावीकडच्या रिकाम्या जागेत एक आली.

शेजारी... दुसरी आली.

तिनं रिमोट हातात घेतला. डावीकडची पहिली चौकट थरथरली, बाजूला सरकू लागली. तशी दुसरी तिच्याकडं झुकली. आणि पहिली जागच्या जागी थांबली. कुणीतरी हात धरून बसवल्यासारखी.

टीं-टीं.

फोटो निघाला. त्यात ती एकटीच आहे. शेजारची कोचाची जागा रिकामी, पण इतकी स्पष्ट की कापडाची वीण दिसते.

सुपारी तिनं देवघरात ठेवली नाही. फेकलीही नाही. कृष्णा घरापासून लांब नाही. संध्याकाळी फिरायला म्हणून ती घाटापर्यंत जाते, मूठ मिटून. पायरीवर उभी राहते. सोडली की काय होतं, ते तिनं एकदा पाहिलंय. ठेवली की काय होतं, तेही पाहिलंय.

मूठ मिटलेलीच घेऊन ती घरी येते. सुपारी अजून वाळलेली नाही.

परवा तिनं पुन्हा कॅमेऱ्यासमोर बसून पाहिलं. डावीकडच्या दोन चौकटी लगेच आल्या. शांत, शेजारी शेजारी.

ती पडद्याकडं बघत राहिली.

तिची स्वतःचीही चौकट आली...

पण जरा उशिरा.