स्वयंपाकघरातला दिवा

ऑपरेटिंग सिस्टीम जुन्या हार्ड डिस्कवरून एसएसडीवर, म्हणजे नव्या जातीच्या वेगवान डिस्कवर, हलवायला एक दुपार पुरते. काम अवघड नाही, किचकट आहे. फोटो, कागदपत्रं वगैरे दुसऱ्या मोठ्या डिस्कांवर असतात, त्यांना हात लावायचा नसतो. हलवायचं असतं ते फक्त यंत्राचं जागं होणं: उठल्यावर त्याने काय करायचं, कोणाचं ऐकायचं, कशावर लक्ष ठेवायचं.

आमच्या घरातला सर्व्हर जिन्याखालच्या खोलीत होता. बाबांनी तो स्वतः जोडला होता. बाबा जाऊन वर्ष झालं, आणि त्यांच्या मागे त्याची डिस्कही कुरकुरायला लागली. आधी लांब घरघर, मग नखाने टेबल वाजवावं तशी टिकटिक. ती शेवटच्या घटका मोजतेय, हे ओळखायला माझी पदार्थविज्ञानाची पदवी लागत नव्हती.

"मग तो डबा भंगारात घाल की," दादा फोनवर म्हणाला. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. तो लांब राहतो आणि सल्ले जवळून देतो.

"आणि आईने दिवा कसा लावायचा? फुंकर मारून?"

कारण आमच्या भिंतींवर बटणं नव्हती. बाबांनी ती काढून टाकली होती. जिथे बटणं असायची तिथे गुळगुळीत पांढरी झाकणं. सगळे दिवे सर्व्हरच्या हुकमात. खोलीत कोणी आलं की लागायचा, गेलं की विझायचा. पाहुण्यांना केवढं कौतुक. पण पाहुणे जेवून आपापल्या घरी जायचे.

आम्ही तिथेच राहायचो. जिन्याखालच्या खोलीत बाबा फोन हातात घेऊन बसलेले असायचे. आमच्यापैकी कोणी उलटून बोललं तर ते ओरडायचे नाहीत. ते आयुष्यात कधी ओरडले नाहीत, असं दादा अभिमानाने सांगतो. ते फक्त अंगठा फिरवायचे, की स्वयंपाकघरातला दिवा जायचा. बोलणाऱ्याच्या खोलीतला नाही. आईच्या डोक्यावरचा. आमचं स्वयंपाकघर घराच्या मधोमध आहे. त्याची खिडकी दोन भिंतींमधल्या अरुंद पोकळीत उघडते, भर दुपारीही दिव्याशिवाय सुरीचं पातं दिसत नाही. आई गॅसच्या उजेडात उभी राहायची आणि आतून म्हणायची, "बोलू नका रे. जाऊ दे." मग आम्ही जिन्याखाली जाऊन "चुकलं" म्हणायचो आणि दिवा यायचा.

शिक्षा आमची, अंधार तिचा. दादा याला शिस्त म्हणतो.

मला दुसऱ्या गावी एका प्रयोगशाळेत नोकरी लागली आहे. आई इथून हलायला तयार नाही. "आत्ता कुठे हे घर माझं झालंय, आणि आता निघू?" असं विचारते. बरोबरच आहे तिचं. म्हणून जाण्याआधी मला एकच करायचं होतं. तिच्या हाती असं घर द्यायचं, जिथे दिवा ही कोणाची मेहेरबानी नसेल. वायरमन म्हणाला, पुढच्या महिन्याशिवाय सवड नाही. तोवर डिस्कने मान टाकू नये, एवढ्यासाठी एसएसडी.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. बाबा गेल्यावरही स्वयंपाकघरातला दिवा मधूनच जायचा. माझा आणि आईचा कशावरून तरी शब्दाला शब्द लागायचा, मग सगळं निवायचं, आणि आम्ही भांडण विसरून चहा पीत बसलो की दिवा जायचा. आई माझ्याकडे बघायची. मी डिस्कला दोष द्यायचे. मोडकळीला आलेली डिस्क केव्हा काय करेल याचा नेम नसतो. तरी मी सर्व्हरवरच्या सगळ्या सूचना वाचून काढल्या होत्या. भांडणाशी संबंध असलेली एकही नव्हती. घरात मायक्रोफोन नव्हता. बाबांचा फोन कपाटात होता, बॅटरी केव्हाच उतरलेली. उरली डिस्क. तर्काला धरूनच होतं.

एसएसडी पत्त्यांच्या जोडापेक्षाही पातळ आणि हलकी. तिच्यात फिरणारं काहीच नसतं. डब्यातल्या खाचेत ती बसेना, म्हणून मी तिला दुहेरी चिकटपट्टी लावून बाजूला डकवली. मग जुनीवरून नवीवर सगळं उतरवून घेतलं. अशी नक्कल करताना यंत्र विचारत नाही, काय हवंय आणि काय नकोय. जे आहे ते सगळं जातं. पुसलेल्या गोष्टींचे वळसुद्धा.

जुनी डिस्क काढून ठेवली आणि सर्व्हर सुरू केला. पूर्वी तो जागा होईपर्यंत आईचा चहा उकळून व्हायचा. आता तो मी बटणावरून बोट उचलायच्या आत तयार होता.

आई दारात येऊन उभी राहिली. "आवाज का येत नाहीये?"

"आवाज यायचा नाहीच आता. आत काही हलत नाही."

"मग कळणार कसं, चालू आहे ते?"

मी हसले. बाबांचं खातं पुसून टाकलं, अगदी चवीने, आणि दादाला फोन लावला.

"वा, आता घर पळेल बघ," तो म्हणाला. "बाबा असते तर खूश झाले असते."

"बाबा असते तर मला त्या खोलीत पाऊल टाकू दिलं नसतं."

"झालं तुझं सुरू? कडक होते, मान्य. पण वळण लागलं ना आपल्याला?"

"वळण? दादा, आई अंधारात हात भाजून घेत होती, आणि तू..."

दिवा गेला.

चहाच्या वेळी नाही. भांडण निवल्यावर नाही. वाक्याच्या मधोमध गेला.

"काय झालं?" दादा विचारत होता.  स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "जाऊ दे गं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रीतसर चाचण्या घेतल्या. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून जोरात पाढे म्हटले. दिवा चालू. वर्तमानपत्रातला अग्रलेख तावातावाने वाचला. दिवा चालू. आई म्हणाली, "शेजारचे काय म्हणतील, हिला नोकरी लागली की वेड?" मग मी अगदी हळू, ओठातल्या ओठात म्हणाले, "बाबा, तुम्ही दुष्ट होतात."

शेवटचं अक्षर अंधारात उच्चारलं.

म्हणजे आवाजाचा संबंध नव्हता. आणि हे नवीन काही नव्हतं. हे वर्षभर असंच चाललं होतं, फक्त संथ. मरत्या डिस्कमुळे त्याला पोचायला उशीर व्हायचा. तो उशीर मीच काढून टाकला होता.

मी सर्व्हरची वायर उपटली. एसएसडी खरवडून काढली आणि जुन्या डिस्कबरोबर बाबांच्या कपाटात कोंबली. वायरमनला फोन करून इतकी बोलले की तो त्याच दुपारी आला.

त्याने झाकणं उघडली आणि शीळ घातली. "कोणी केलं हो हे? एका बल्बसाठी एवढा संसार?"

"काढून टाका सगळं. साधं बटण हवंय. दाबलं की लागेल, दाबलं की विझेल."

"म्हणजे आजीच्या काळचं," तो म्हणाला. "तेच टिकतं, ताई."

त्याने खोल्याखोल्यांत साधी, टकटक वाजणारी बटणं बसवली. आईने स्वयंपाकघरातलं बटण दाबलं. दिवा लागला. तिने विझवला. पुन्हा लावला, विझवला, लावला. वायरमन म्हणाला, "मावशी, बटण झिजेल." आणि आई खळखळून हसली. मी तिला असं, इतक्या मोठ्याने हसताना कधीही ऐकलं नव्हतं. तेवढ्या एका संध्याकाळी मला वाटलं, जमलं आपल्याला.

मग पुढच्या सकाळी मी गॅसच्या बाजूच्या कप्प्यात चमचा शोधत होते. तिथे मागे एक काडेपेटी होती. आमचा गॅस खटका दाबला की पेटतो. काडेपेटी गॅससाठी नव्हती. ती हाताला अंधारातही सापडेल अशा जागी, कोपऱ्यात नीट टेकवून ठेवलेली होती. आतमध्ये शेवटच्या दोन-तीन काड्या. बटणं बसल्यावरही तिने ती टाकली नव्हती.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तोंड उघडलं नाही. शपथेवर सांगते, उघडलं नाही.

आईने माझ्याकडे बघितलंही नाही. चिरत होती ती भाजी बाजूला ठेवली, माझ्या हातातून काडेपेटी घेतली आणि एक काडी ओढली.

मग दिवा गेला.

"मी काही बोलले नाही," मी म्हणाले.

"हो. पण आलं होतं ना मनात."

बटण चालू होतं. टेस्टर लावला, वीज होती. बल्ब काढून माझ्या खोलीत लावला, लागला. परत आणून स्वयंपाकघरात लावला, लागेना. शेवटची काडी आईच्या बोटांपर्यंत जळत आली तरी ती शांत उभी होती. मी डोळे मिटून मूलद्रव्यांची नावं क्रमाने म्हणत गेले. राग उतरला तसा दिवा आला.

तेव्हापासून मी घरात सांभाळून असते. हळू बोलते. मनातसुद्धा हळू बोलते. दादा फोनवर म्हणाला, "किती निवळलीस गं तू." मी मूलद्रव्यं म्हटली.

म्हणून हे सगळं मी गच्चीत बसून लिहिते आहे, उघड्या उन्हात. इथे बल्ब नाही. सूर्य कोणाच्या अंगठ्यावर विझत नाही. इथे मी लिहू शकते की तो माणूस दुष्ट होता, भेकड होता, की त्याने एका बाईचं अख्खं आयुष्य कुजबुजण्यात घालवलं, की मला त्याचा राग येतो, प्रत्येक ओळीला येतो, आणि मला तो यायलाच हवा. दुपारपासून लिहिते आहे. कित्येक दिवसांनी मोकळं वाटतंय.

आत्ताच आई वर आली. पायरीवर उभी राहून डोळे किलकिले करत उन्हाकडे बघत होती.

"झालं का लिहून?"

"होतच आलंय. का गं?"

"काही नाही. घाई नको करूस. होऊ दे मोकळं." ती जरा थांबली. "मला सवय आहे."

तिच्या अंगठ्याचं टोक काळं पडलं होतं. तिच्या हातात काडेपेटी होती. सकाळीच मी तिला नवी आणून दिली होती, भरलेली. ती माझ्यापुढे ठेवून आई म्हणाली, "फक्त खाली आलीस की आणखी एक आणून दे."

मी उघडून पाहिली. रिकामी होती.